वाकड्या हँडलाची सायकल

सन २०२२ च्या जून महिन्यातील गोष्ट. बेर-शेवा येथील आमच्या सिनेगॉगमध्ये शब्बाथाची सकाळची प्रार्थना आटोपून मंडळी किद्दुशासाठी सभागृहात जमली होती, आणि आमच्या उजव्या कोपरावरील पांढरी पट्टी शर्टाच्या बाहीखालून डोकावत होती. ती लपविण्याचा आम्ही पुष्कळ प्रयत्न केला. परंतु किद्दुशाचा पेला उजव्या हातानेच उचलावा लागतो.

"पडलात वाटतं?" एकाने विचारले.

"होय."

"न्हाणीघरात?"

आमच्या वयाच्या माणसाने पडावयाचे ते न्हाणीघरातच, अशी सर्वांची समजूत असते. आम्ही म्हणालो, "नाही, सायकलवरून." क्षणभर शांतता पसरली, आणि मग जे हास्य उसळले ते स्त्रियांच्या बाजूपर्यंत पोहोचले. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी चिकाच्या हलव्याची वडी हातात धरून विचारले, "अहो, बासष्टाव्या वर्षी सायकल कशाला? दुधाचा रतीब घालायला निघालात की काय?"

त्या वेळी आम्हीही हसून वेळ मारून नेली. परंतु त्या प्रश्नास उत्तर आहे, आणि ते हातात बशी घेऊन उभ्याउभ्या देण्यासारखे नाही. म्हणून या पानांचा आश्रय घेत आहोत.

त्या वर्षी पेसाहचा सण झाल्यावर आम्ही नेहमीच्या तपासणीसाठी कुपात-होलीमच्या दवाखान्यात गेलो होतो. मधुमेह आमच्या घरी नवा पाहुणा नव्हे. आपल्या समाजात ज्या घरी तो नाही असे घर आम्हांस तरी ठाऊक नाही. रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी तपासणी असते तिचा आकडा ८.४ टक्के आला होता. डॉक्टरीणबाईंनी आम्हांस जोडे-मोजे काढून डोळे मिटून घेण्यास सांगितले आणि मासे धरण्याच्या दोरीसारखा एक ताठ नायलॉनचा तंतू त्या तळव्याला निरनिराळ्या जागी टेकवू लागल्या. स्पर्श जाणवला की 'केन' म्हणावयाचे, एवढेच आमचे काम. आम्ही 'केन, केन' म्हणत गेलो. मग बराच वेळ काहीच झाले नाही. आम्हांस वाटले, बाईंना टेलिफोन आला असावा. डोळे उघडून पाहतो तो काय, तंतू आमच्या डाव्या करंगळीखाली टेकलेला होता आणि धनुष्यासारखा वाकला होता.

तो आम्ही पाहत होतो. परंतु तो आम्हांस कळत नव्हता.

येथे आमच्या वडिलांविषयी सांगणे भाग आहे. आम्ही मूळचे ठाण्याचे, टेंभी नाक्याजवळचे. बाबा वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात फिटर होते आणि पावसाळा असो वा उन्हाळा, आपल्या काळ्या हर्क्युलिस सायकलवरून कामावर जात. जाऊन येऊन सात-आठ किलोमीटर सहज होत असतील. रविवारी सकाळी सायकल अंगणात उलटी उभी करावयाची, रॉकेलच्या चिंधीने रिमा पुसावयाच्या, साखळीला तेल द्यावयाचे, हा त्यांचा नेम होता. आम्ही स्वतः सायकल शिकलो ती तलावपाळीवर, तासावर भाड्याने घेतलेली. प्रथम दांड्यामधून पाय घालून, मग दांड्यावर बसून आणि पाय पुरू लागल्यावर सीटवर. बाबांच्या सायकलला हात लावण्याची मात्र आम्हांस परवानगी नव्हती.

१९७५ साली आम्ही इस्रायलला यावयास निघालो, तेव्हा घरातील एकेक वस्तू विकली गेली. सायकलला नव्वद रुपये आले. पैसे मोजून घेतल्यावर बाबा घरात गेले, पंप घेऊन आले, दोन्ही चाकांत हवा भरली, बोटाने दाबून पाहिली आणि मगच सायकल त्या माणसाच्या हाती दिली. आई म्हणाली, "अहो, विकलेल्या वस्तूला आता हवा कसली भरता?" बाबांनी उत्तर दिले नाही.

इकडे आल्यावर बाबांना कारखान्यात काम मिळाले. कारखान्याची बस दारातून उचलून नेई आणि दारात आणून सोडी. बाबांना त्याचा मोठा अभिमान वाटे. ठाण्याला पत्र लिहिताना ते बसचा उल्लेख केल्यावाचून राहत नसत. त्यांनी या देशात पुन्हा सायकल घेतली नाही. १९८४ साली मधुमेह निघाला. १९९६ साली नव्या चपलेचा पट्टा डाव्या पायाच्या करंगळीला घासून जखम झाली. ती त्यांना कळली नाही; कळली तेव्हा ती काळी पडलेली होती. प्रथम बोट गेले, मग गुडघ्याखालील पाय गेला. त्यानंतर ते पाच वर्षे जगले. जो माणूस ठाण्यात कधी बससाठी थांबला नव्हता तो आमच्या तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत बसून खालच्या बसगाड्या मोजीत असे.

म्हणून तो तंतू पाहून आमच्या मनात काय आले असेल ते वाचकांस सांगावयास नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "व्यायाम हवाच. स्नायू काम करू लागले की ते रक्तातील साखर स्वतःच ओढून घेतात. पण फार चालू नका, तळव्यावर भार येतो. सायकल चालवा." त्यांच्या मनात व्यायामशाळेतील एका जागी खिळलेली सायकल होती, हे पुढे उघडकीस आले. आमच्या मनात दुसरीच होती.

ती मनात कशी शिरली तेही सांगतो. ६ मे २०१८ रोजी 'जिरो द'इतालिया' या इटलीच्या प्रसिद्ध सायकल शर्यतीचा तिसरा टप्पा आमच्या बेर-शेवा शहरातून सुटला. ही शर्यत युरोपाबाहेर सुरू होण्याची ती पहिलीच वेळ. पहिले तीन टप्पे याच देशात झाले. नातवाला खांद्यावर घेऊन आम्ही रस्त्याच्या कडेस उभे होतो. मित्स्पे रामोनवरून एलातपर्यंत २२९ किलोमीटर अंतर कापावयाचे होते, आणि ती पोरे गप्पा मारीत, हसत निघाली होती! त्यांचा तांडा आमच्यासमोरून गेला तेव्हा जो आवाज झाला तो आम्ही विसरलो नाही. धडधड नाही, खडखड नाही; रेशमाचे ठाण कोणीतरी एका झटक्यात उलगडावे तसा आवाज. तो टप्पा एलिया विवियानी याने जिंकला आणि संपूर्ण शर्यत पुढे ख्रिस फ्रूमने. पण ती नावे आम्ही नंतर वर्तमानपत्रात वाचली. त्या दिवशी आम्ही पाहिल्या त्या फक्त सायकली.

तेव्हा, शहाण्या माणसाने सरळ हँडलाची, जाड टायरची, पुढे टोपली असलेली सायकल घ्यावी, हे आम्हांस कळत नव्हते असे नाही. आम्ही शर्यतीची घेतली. यात हौस किती व हट्ट किती, याचा हिशेब आम्ही ठेवलेला नाही.

जुन्या सायकलींच्या एका दुकानातून ती घेतली. दुकानाचे नाव सांगत नाही, कारण विक्रेत्याने आम्हांस फसविले असे म्हणण्यापेक्षा आम्ही फसावयास उत्सुक होतो, हेच खरे. सांगाडा ॲल्युमिनियमचा, पुढचा चिमटा कार्बनचा, वजन अवघे नऊ किलो. बाबांची हर्क्युलिस याच्या दुपटीहून जड असावी. ही तर आम्ही एका हाताने उचलून जिना चढू शकत होतो. रंग निळा. हँडल एडक्याच्या शिंगासारखे, शोफारच म्हणा ना, पुढे जाऊन खाली वळलेले. माप विचारले तेव्हा विक्रेता म्हणाला, "छप्पन. तुमच्यासाठी अगदी बेतशीर." आमची उंची पाच फूट पाच इंच. एवढ्या उंचीला साधारणतः ५२ चा सांगाडा लागतो, हे आम्हांस दोन महिन्यांनी कळले. साठीनंतर आमची उंची वाढेल, असा त्याचा अंदाज असावा. २,४०० शेकेल मोजून आम्ही ती घरी आणली.

पहिली फजिती हवेने केली. ठाण्यातील सायकलच्या ट्यूबला जो वॉल्व्ह असे त्यात रबराची बारीक नळी असे. ती फुटली की पाच पैशांत नवी मिळे. मोटारीचा वॉल्व्ह निराळा. या सायकलचा तिसराच निघाला. सुईसारखा बारीक, त्याला प्रेस्टा म्हणतात. आम्ही ऐटीत पेट्रोलपंपावर गेलो. तेथील नळी त्यावर बसेना. मग सायकलचा पंप विकत आणला. दांडा खाली जाईना. पंप परत करावयास निघालो, तेव्हा शेजारच्या बारा वर्षांच्या मुलाने जिन्यात थांबवून त्या सुईच्या टोकावरील चिमुकली चाकी दोन आटे सैल केली आणि बोटाने दाबली. फुस्स! "अदोनी, आधी हे उघडायचं असतं." बारीक टायरमध्ये हवा ठासून भरावी लागते. आमच्या वजनाला सुमारे ९० पौंड. आणि ती दर आठवड्याला आपोआप उतरतेही. बाबा बोटाने दाबून पाहत. हे टायर मात्र ५० पौंडांवरही बोटाला दगडासारखेच लागतात, म्हणून काटा पाहावा लागतो.

दुसरी अडचण कपड्यांची. या सायकलची सीट म्हणजे अडकित्त्यासारखी अरुंद वस्तू. स्प्रिंग नाही, गादी नाही. गादी विजारीत असते. अंगाला चिकटणारी, बुडाशी गादी शिवलेली ती तोकडी काळी विजार आम्ही आरशासमोर चढविली, तेव्हा आमची पत्नी दारात उभी होती.

"अहो, हे घालून तुम्ही जिन्यातून उतरणार?"

आम्ही वरून जुनी पँट चढविली आणि घोट्यापाशी ठाण्याच्या पद्धतीने क्लिप लावली. हे दृश्य अधिक हास्यास्पद होते असे मुलीचे मत पडले, परंतु सभ्यता राखली गेली.

नहाल बेर-शेवाच्या काठाने जो नवा रस्ता केलेला आहे त्यावर पहाटे साडेपाचला आमचा अभ्यास सुरू झाला. सायकल एकदा आली की विसरत नाही, असे म्हणतात. ते खरे आहे. पण अंग जे विसरत नाही ते कोणत्या काळचे, याचाही विचार करावा. आम्ही या देशात चाळीस वर्षे मोटार उजव्या बाजूने चालवीत आलो. कधी चूक झाली नाही. सायकलवर बसलो मात्र, आणि अंगातील ठाणेकर जागा झाला. दहा मिनिटांत आम्ही डाव्या बाजूने चाललो होतो. समोरून धावत येणाऱ्या एका तरुणीने हात हलवून आम्हांस आपल्या बाजूस धाडले.

हात लांब करून, पाठ वाकवून, मान वर काढून बसावयाचे. पहिल्या दिवशी वाटले, कोणीतरी आपल्याला ओढ्यात ढकलीत आहे. आम्ही हँडल गच्च धरून ठेवले. परिणाम असा की वीस मिनिटांत करंगळी व शेजारचे बोट बधिर झाले. बधिरपणाचे भय आमच्या घरात किती आहे ते वर आलेच आहे. आम्ही उतरून, सायकल बाकाला टेकवून, बोटे चोळीत बसलो. मुंग्या येऊन जाणीव परतली तेव्हा कोठे जिवात जीव आला. पुढे समजले की पंजाच्या कडेने जाणारी नस दाबली गेली की असे होते. कोपरे किंचित वाकवावी, हाताची जागा बदलत राहावी (या हँडलाला धरावयाच्या तीन जागा आहेत), आणि मुख्य म्हणजे मूठ सैल सोडावी. हे मूठ सैल सोडणे आम्हांस फार जड गेले. रस्त्यातील खड्डा पाहिला की मूठ आवळावयाची, आणि नजर खड्ड्यावर रोवावयाची, आणि नेमके चाक त्यातच जावयाचे. नजर जेथे, चाक तेथे. हा नियम ठाण्याच्या सायकललाही असेलच. पण तेव्हा आम्ही दहा वर्षांचे होतो आणि खड्डे आम्हांस दिसतच नसत.

गिअरचे प्रकरण तर स्वतंत्र लेखाचे आहे. आमच्या जुन्या सायकलला एकच वेग होता, तो म्हणजे आपला. हिला पुढे ५० व ३४ दात्यांची दोन चक्रे आणि मागे नऊ. सर्वांत जड जोडणीत पायडलच्या एका फेऱ्यात चाक साडेचार वेळा फिरते, म्हणजे साडेनऊ मीटर जाते; सर्वांत हलक्या जोडणीत अडीच मीटर. ब्रेकची पट्टी आत ढकलली की गिअर बदलतो आणि ओढली की ब्रेक लागतो, ही योजना ज्याने काढली त्याला दोनच बोटे असावीत आणि ती फार हुशार असावीत. आम्ही चढावर, भर जोरात पाय मारीत असताना गिअर बदलला. साखळी खाली आली आणि आम्ही काळ्या हातांनी घरी आलो. शिवाय हलका गिअर टाकणे म्हणजे कमीपणा, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. आठ दिवसांत गुडघा दुखू लागला. विद्यापीठात शिकणारा एक मुलगा रोज पहाटे आमच्या पुढून जात असे. तो एके दिवशी वेग कमी करून शेजारी आला आणि म्हणाला, "ताकद लावू नका, पाय फिरवा. मिनिटाला ऐंशी फेरे होतील असा गिअर ठेवा." आम्ही मोजून पाहिले, आमचे पन्नास होत होते. ऐंशी करण्यास पंधरा दिवस लागले, पण गुडघा थांबला.

आता त्या पट्टीची हकिगत. या सायकलला जी पायडले होती त्यांत जोडा अडकवून ठेवण्याची सोय होती. जोड्याच्या तळाला प्लॅस्टिकचा एक तुकडा असतो. तो पायडलमध्ये दाबला की 'खट्' असा आवाज होऊन पाय जखडला जातो. टाच बाहेर फिरविली की सुटतो. हे घरी भिंतीला धरून आम्ही शंभर वेळा केले होते. परंतु हमरस्त्यावरील लाल दिवा म्हणजे भिंत नव्हे. आम्ही थांबलो. डावा पाय सुटला, तोल उजवीकडे गेला, आणि उजवा पाय अजून जखडलेलाच होता. त्या क्षणी काय करावे हे आम्हांस पूर्ण ठाऊक होते; वेळ तेवढा नव्हता. तोडलेली केळ जशी सावकाश, कोणताही आक्रोश न करता आडवी होते तसे आम्ही सायकलसह आडवे झालो. बसथांब्यावरील सर्व मंडळी उभी राहिली. भाजीची ढकलगाडी सोडून एक म्हातारी धावत आली आणि "नेशामा शेली, जिवंत आहेस ना?" असे विचारू लागली. जिवंत होतो. कोपर सोलले गेले होते. आणि दिवा हिरवा झाला होता.

त्याच संध्याकाळी सौभाग्यवतींनी सायकल गच्चीवर नेऊन ठेवण्याचा हुकूम केला. तो आम्ही मानला, आणि चार दिवसांनी पहाटे ती खाली आणली. हे बरे केले नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही ठरविले की आता नेवातीमला जावयाचे. नेवातीम हा कोचीनच्या यहुदी बांधवांचा मोशाव. १९५४ पासून ते तेथे आहेत, आणि त्यांचे सुंदर सिनेगॉग व जुन्या वस्तूंचे संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असेल. आमच्याबरोबर कारखान्याच्या भांडारात काम केलेले एक कोचीनकर स्नेही तेथे राहतात. आमच्या घरून जाऊन येऊन सव्वीस किलोमीटर. एका शुक्रवारी पहाटे डोक्याला हेल्मेट (शहराबाहेर ते कायद्यानेच हवे), खिशात साखर उतरलीच तर म्हणून चार खजूर, पाठीशी लाल दिवा, अशी तयारी करून निघालो. त्या पहाटे वारा पडलेला होता. रस्ता मोकळा होता, उजवीकडे उजाडत चाललेली पिवळी जमीन, आणि चाकाखालून तोच आवाज येत होता. रेशमाचा. एवढा बारीक आवाज आपल्याही चाकातून निघू शकतो, याचे आम्हांस इतके नवल वाटले की आम्ही पाय फिरवावयाचे थांबून तो ऐकत राहिलो. मग तो कमी झाला, म्हणून पुन्हा पाय मारू लागलो.

मोशावाच्या अलीकडे मागचे चाक बसले. टायरमधून काटा उपटून पाहतो तो सराटा! ठाण्यात शाळेच्या मागील माळावर अनवाणी पायांत रुतत असे तोच दोन शिंगांचा सराटा नेगेव्हच्या वाळवंटात आमची वाट पाहत बसला होता. मागचे चाक काढणे, टायर रिमेवरून सोडविणे, नवी ट्यूब घालणे, यांत पाऊण तास गेला. एक बेदुईन मुलगा शेळ्या सोडून जवळ आला आणि न बोलता चाक धरून उभा राहिला. त्याला दोन खजूर दिले.

स्नेह्यांकडे बिनसाखरेचा चहा झाला, जुन्या भांडाराच्या गोष्टी झाल्या, आणि निघावयास दहा वाजून गेले. हीच चूक. उन्हाळ्यात आमच्याकडे दिवस चढला की वायव्येकडून, समुद्राच्या दिशेने वारा सुटतो, आणि बेर-शेवा नेवातीमच्या वायव्येसच आहे. येताना पाऊण तासात सहज काटलेले अंतर जाताना दीड तासावर गेले. सपाट रस्त्यावर आम्ही चढावाचा गिअर टाकून, त्या वाकड्या हँडलाच्या खालच्या टोकाला प्रथमच हात नेऊन, मान खाली घालून पाय फिरवीत होतो. ते हँडल खाली का वळविलेले असते याचा उलगडा त्या वाऱ्यात झाला.

घरी आलो तेव्हा साडेबारा झाले होते. शब्बाथाची तयारी चालली होती. आम्ही जोडे काढून, विजयी मुद्रेने, न्हाणीघरात गेलो. बाहेर आलो तेव्हा पत्नी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेली होती. तिच्या हातात आमचा मोजा होता.

"अहो, हे रक्त कसलं?"

डावा मोजा. करंगळीच्या जागी रुपयाएवढा डाग. आम्ही पाय उचलून पाहिला. करंगळीच्या बाजूचे कातडे सोलून लोंबत होते. त्या टणक, चिंचोळ्या जोड्याने तीन तास ते घासले असले पाहिजे. आम्हांस काहीही कळले नव्हते. या क्षणीही दुखत नव्हते.

बाबांच्या पायाची मलमपट्टी तिनेच केली होती, शेवटपर्यंत. ती आमच्यावर रागावली असती तर बरे झाले असते. ती काही बोलली नाही. तिने बादलीत पाणी काढले, जखम धुतली, कोरडी केली, पट्टी बांधली, आणि मग दिवे लावावयास गेली. त्या शब्बाथाला आम्ही सिनेगॉगमध्ये गेलो नाही. बाल्कनीत पाय वर करून बसलो. समोर सायकल होती.

रविवारी डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला. "मी उभ्या सायकलीविषयी बोलले होते," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्यांनी जखम तपासली, रक्ताभिसरण पाहिले, आणि औषध लिहून दिले. जखम भरावयास पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत आम्ही रोज रात्री आरसा घेऊन तळवा पाहत होतो आणि प्रत्येक सावली आम्हांस काळी दिसत होती.

सायकल सोडावी असे आमचे ठरले होते. सोडू नये, असे म्हणणारी व्यक्ती निघाली ती आमची पत्नीच. पाचव्या आठवड्यात नव्या तपासणीचा आकडा आला, ७.३. यात गोळ्यांचा वाटा किती आणि सायकलचा किती हे डॉक्टरीणबाईही सांगेनात. पत्नीने तो कागद दोनदा वाचला. "बाबांनी सायकल विकली नसती तर?" ती म्हणाली, आणि मग, "ते जोडे मात्र फेकून द्या." जखडणारी पायडले काढून रुंद, सपाट पायडले बसविली. जोडे रुंद तोंडाचे, आत शिवण नसलेले घेतले. मोजे पांढरेच घालावयाचे, म्हणजे रक्त आले तर दिसेल. आणि घरी आल्यावर मोजे काढावयाचे ते तिच्यासमोर. पाऊण तासाहून अधिक एका दमात नाही. शर्यतीच्या सायकलला सपाट पायडले पाहून तो विद्यापीठाचा मुलगा हसला. हसू दे.

ऑक्टोबरात दारफाळणीचा सण आला. आपल्या वाडवडिलांनी कोकणात योम किप्पूरला हे नाव दिले ते त्या दिवशी दारे लावून घरात राहावयाचे म्हणून. या देशात त्या दिवशी रस्तेच मोकळे होतात, एकही मोटार दिसत नाही, आणि गावातील यच्चयावत पोरे सायकली घेऊन हमरस्त्यावर उतरतात. आम्ही पायी सिनेगॉगकडे निघालो असता नातू आपल्या सायकलवरून भोवती घिरट्या घालू लागला. "सब्बा, आज एकसुद्धा गाडी नाही. तू का नाही येत?" बगदादचे रब्बी योसेफ हयीम यांनी शब्बाथाला काही अटींवर सायकल चालविण्यास मोकळीक दिली होती, आणि पुढील बहुतेक पंडितांनी ती मान्य केली नाही, हे आम्ही त्याला समजावू लागलो, परंतु तो तोपर्यंत दुसऱ्या चौकात पोहोचला होता. मोह झाला नाही असे लिहिले तर त्या दिवसाच्या पापांच्या यादीत आणखी एक भर पडेल.

हात बधिर होण्याचा त्रास मात्र पूर्णपणे गेला नाही, तेव्हा नोव्हेंबरात एका जाणत्या कारागिराने आम्हांस सायकलवर बसवून पाहिले आणि सांगितले की ही सायकल आमच्याहून चार मापे मोठी आहे. आम्ही ५२ मापाची, थोड्या रुंद टायरची दुसरी जुनी सायकल पाहून ठेवली आणि निळी विकावयास काढली. दिमोनाहून एक उंच, सडपातळ तरुण आला. तो तिच्यावर बसला आणि ती जणू त्याच्यासाठीच केलेली होती. त्याने १,५०० म्हटले, आम्ही २,०००. १,७५० वर तोड झाली. त्याची ही पहिलीच अशी सायकल होती, हे त्याच्या हँडल धरण्यावरूनच दिसत होते.

पैसे मोजून घेतल्यावर आम्ही त्याला थांबावयास सांगितले आणि वर जाऊन पंप आणला. त्याला खाली बसवून त्या सुईच्या टोकावरील चाकी दाखविली. "आधी ही सैल करायची. दोन आटे. मग एकदा दाबायची." फुस्स झाले. मागच्या चाकात ९५ भरले, पुढच्यात ९०. काटा त्याला वाचावयास लावला. वरून, तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून पत्नी पाहत होती. तिने काही विचारले नाही.